‘ऑरगॅनिक’ लिहिलंय, पण कागद कुठाय?

मालवणच्या जेटीवर किल्ल्याच्या होडीची वाट बघणाऱ्या पर्यटकांच्या पिशव्यांत डोकावा. कोकम आगळ, काजूगर, मालवणी मसाला आणि गेल्या काही वर्षांत हमखास एक साबण. पारदर्शक, आत गुलाबाची पाकळी अडकलेली, वरून सुतळी बांधलेली आणि तपकिरी कागदावर हिरव्या पानासकट छापलेलं ‘ऑरगॅनिक’. “ह्यो एकदम ऑरगॅनिक आसा, वयनी,” असं विकणारा सांगतो. तो मुद्दाम खोटं बोलत असतो असंही नाही. त्यालाही कोणीतरी तसंच सांगून माल दिलेला असतो.

मी हे एवढ्या खात्रीने सांगते, कारण तसले साठ साबण मी स्वतः केलेत. आमच्या बचत गटाला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. शहरातून सोप बेसची, म्हणजे आधीच तयार केलेल्या साबणाची, लादी आली. तिचे चौकोनी तुकडे करायचे, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून ते वितळवायचे, रंगाचे चार थेंब, झाकणभर सुगंध, साच्यात ओतायचं, झालं. ‘कोकम साबणा’त कोकम म्हणजे चमचाभर आगळ. तेही त्या बेसमध्ये पडल्यावर लाल राहिलं नाही, शेवाळी करडं झालं, म्हणून वरून बाटलीतला लाल रंग घातला. लेबल छापायला गेलो तर प्रिंटिंगवाल्याकडे साचा तयारच होता. “ऑरगॅनिक घालू मां? सगळेच घालतत.” आम्ही म्हटलं, घाल.

तो शब्द आमच्या साबणावर आला तो असा. तेव्हापासून दुकानात कुठलीही बाटली हातात घेतली की मी आधी ती उलटी करते. पुढची बाजू विकणाऱ्याची असते, मागच्या बाजूला कायद्याचं थोडंफार चालतं. नव्याने या वाटेला लागलेल्यांसाठी माझी पद्धत लिहून ठेवते.

आधी चार शब्द वेगळे करा

नैसर्गिक, हर्बल, आयुर्वेदिक, ऑरगॅनिक. दुकानात हे चारही एकाच फडताळावर एकाच अर्थाने बसलेले असतात. पण ते चार वेगळे दावे आहेत.

‘नैसर्गिक’ किंवा ‘नॅचरल’ म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत नाही. ‘हर्बल’ म्हणजे कुठेतरी एखादी वनस्पती आहे. किती, ते विचारू नका. ‘आयुर्वेदिक’ हा शब्द त्यातल्या त्यात भारदस्त, कारण त्यासाठी १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आयुर्वेदिक औषधांचा वेगळा परवाना असतो. पण तो परवाना औषधाच्या कृतीबद्दल आणि बनवण्याबद्दल बोलतो. त्यातली कोरफड कुठल्या शेतात, कुठल्या फवारणीखाली वाढली याबद्दल तो काही सांगत नाही.

‘ऑरगॅनिक’ हा शब्द मुळात शेताबद्दल आहे. नारळ, तीळ, कोरफड कशी पिकवली, जमिनीत काय घातलं, पुढे माल कुठे मिसळला नाही ना, हे तिसऱ्या माणसाने तपासून कागदावर लिहून दिलं का? या चारांत शेतापासूनचा कागद मागता येईल असा हा एकच शब्द आहे, म्हणून तो मागायचा.

आणि नैसर्गिक म्हणजे सौम्य, हा समज कोकणातल्या माणसाने तरी ठेवू नये. मार्चमध्ये ओले काजूगर सोलायला बसा आणि संध्याकाळी बोटं बघा. काजूच्या टरफलातला तो चीक शंभर टक्के नैसर्गिक असतो, बिनफवारणीच्या झाडाचा असेल तर ऑरगॅनिकही. कातडी सोलवटून काढतो. आंब्याच्या देठाचा चीक तसाच, बिब्बा तसाच. तिन्ही एकाच कुळातले.

बाटली उलटी करा

मागे पहिल्यांदा बघायचं ते बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, किती तारखेपर्यंत वापरायचं ती तारीख आणि उत्पादन परवाना क्रमांक. हा क्रमांक बहुधा ‘एम. एल.’ किंवा ‘मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स’ अशा अक्षरांपुढे असतो. सौंदर्यप्रसाधन बनवून विकायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, आणि साबणही त्यात येतो. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. साठांतले चाळीस विकून झाल्यावर आमच्या ओळखीच्या औषधवाल्याने सांगितलं, आणि उरलेले वीस घरोघरी वाटले. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. यातलं काहीच नसेल तर पुढे ऑरगॅनिकचा विचार करायचंही कारण नाही, बाटली परत ठेवा.

मग घटकांची यादी. ती वजनाच्या किंवा मापाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते: सगळ्यात जास्त ते पहिलं. एक टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र शेवटी कुठल्याही क्रमाने लिहिता येतात. नावं बहुतेक लॅटिन वळणाची असतात, त्याला घाबरू नका. आपल्या ओळखीची माणसं तिथे सूटबूट घालून उभी असतात एवढंच. अक्वा म्हणजे पाणी. कोकोस न्युसिफेरा म्हणजे नारळ. गार्सिनिया इंडिका म्हणजे आपलं कोकम, अझाडिराक्टा इंडिका म्हणजे कडुनिंब. पॅराफिनम लिक्विडम हे मात्र भारदस्त नाव असलं तरी खनिज तेल, म्हणजे पेट्रोलियमच्या घरातलं. ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ या एका शब्दाखाली पंचवीस-तीस गोष्टी मावू शकतात.

एक युक्ती सांगते, मला ती फार उपयोगी पडली आहे. यादीत ‘फिनॉक्सिइथेनॉल’ हा शब्द शोधा. टिकाऊपणासाठी वापरतात तो, आणि जास्तीत जास्त एक टक्का चालतो. म्हणजे त्याच्या मागे जे जे लिहिलंय ते साधारण एक टक्क्याच्या आतलंच. मागच्या महिन्यात एका दुकानात ‘कोकम बटर बॉडी लोशन’ बघितलं. डब्यावर केवढं मोठं लालजर्द रातांब्याचं चित्र! मागे पाणी, खनिज तेल, ग्लिसरीन, मेणासारखे दोन घटक, फिनॉक्सिइथेनॉल, सुगंध, आणि त्याच्याही मागे गार्सिनिया इंडिका. शंभर ग्रॅमच्या डब्यात ग्रॅमभर कोकमतेल असेल, नसेल. आमच्याकडे थंडीत टाचांच्या भेगांना जो कोकमतेलाचा गोळा लावतात त्याचा एक खरवडा यापेक्षा जास्त भरेल.

शिवाय याच एका शब्दावरून आणखी एक कळतं. पुढे ज्या ‘कॉसमॉस’ या युरोपीय मानकाबद्दल लिहिते आहे, त्यात फिनॉक्सिइथेनॉलला परवानगीच नाही. तेव्हा यादीत तो आहे आणि पुढे त्या मानकाचा शिक्काही आहे, असं दिसलं तर काहीतरी नक्की चुकतंय.

‘पॅराबेन-फ्री’, ‘सल्फेट-फ्री’ वगैरे वाचून हुरळू नका. पॅराबेन टिकाऊपणासाठी असतं; नुसत्या तेलात पाणीच नसतं, तर त्यात ते कशाला कोण घालेल? सल्फेट शाम्पूत फेसासाठी घालतात; साध्या साबणवडीवर ‘सल्फेट-फ्री’ लिहिणं म्हणजे सोलकढीच्या बाटलीवर ‘यात मासे नाहीत’ लिहिण्यासारखं. आणि ‘केमिकल-फ्री साबण’ ही गोष्ट जगात नाही. खोबरेलासारखं तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आल्याशिवाय साबणवडी होत नाही. नीट मुरलेल्या साबणात सोडा उरत नाही, पण तो घातलेला असतोच.

अठ्ठ्याण्णव टक्के कशाचे?

इथे भले भले फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

समजा लोशनवर लिहिलंय ‘९८% नॅचरल ओरिजिन’. दुसऱ्यावर लिहिलंय ‘एकूण घटकांपैकी २०% ऑरगॅनिक’. कुठलं घ्याल? पहिलं, कारण आकडा मोठा. पण लोशनमध्ये साठ-सत्तर टक्के पाणीच असतं. ‘आयएसओ १६१२८’ नावाची एक आंतरराष्ट्रीय मोजपद्धत आहे, तिच्याप्रमाणे पाणी नैसर्गिक धरून टक्केवारी काढता येते. म्हणजे विहिरीच्या पाण्यानेच सत्तर मार्क मिळवून दिले. वर ही नुसती हिशेबाची रीत आहे. कोणी येऊन तपासलं, शिक्का दिला, असा तिचा अर्थ नाही.

उलट ते वीस टक्के. पाणी शेतात पिकत नाही, त्यामुळे ते ऑरगॅनिक ठरत नाही. मीठ, माती, खनिजंही नाहीत. तेव्हा सत्तर टक्के पाणी असलेल्या लोशनमध्ये एकूण वजनाच्या वीस टक्के माल प्रमाणित शेतातला असणं ही चांगलीच गोष्ट आहे. शाम्पू, फेसवॉश अशा धुऊन टाकायच्या वस्तूंत तर दहा टक्क्यांवरही प्रमाणपत्र मिळू शकतं. आकडा लहान दिसला म्हणून नाक मुरडू नका. तो कशाचा आहे ते आधी बघा.

शिक्का वाचायचा कसा

सौंदर्यप्रसाधनांत सगळ्यात जास्त भेटणारा शिक्का ‘कॉसमॉस’चा. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ब्रिटनमधल्या पाच संस्थांनी मिळून तो उभा केला. बीडीआयएच, कॉस्मेबिओ, इकोसर्ट, आयसीईए आणि सॉइल असोसिएशन. या शिक्क्यावर सहसा तपासणाऱ्या संस्थेचं चिन्ह असतं आणि खाली ‘कॉसमॉस ऑरगॅनिक’ किंवा ‘कॉसमॉस नॅचरल’. इथेच घाई करू नका. दोन्ही शिक्के दिसायला भावंडं, पण ‘नॅचरल’वाल्यात ऑरगॅनिक घटकांची किमान अट नाही. ‘ऑरगॅनिक’वाल्यात तेल-अर्कासारखे साध्या भौतिक प्रक्रियेने काढलेले शेतीजन्य घटक ९५ टक्के ऑरगॅनिक लागतात, आणि एकूण वस्तूत किमान २० टक्के (धुऊन टाकायच्या वस्तूंत वर सांगितलेले दहा). किती टक्के आहे ते लेबलवर छापलेलं असतं, यादीत ऑरगॅनिक घटकांपुढे खूणही असते.

‘नेट्रू’ हा दुसरा युरोपीय शिक्का. अमेरिकी मालावर ‘यूएसडीए ऑरगॅनिक’ दिसेल. तो मुळात शेतमालाचा आणि खाद्यपदार्थांचा नियम, म्हणून तेलं, बाम अशा साध्या वस्तूंवर जास्त सापडतो. ‘ऑरगॅनिक’ म्हणवायला तिथे पाणी आणि मीठ वगळून ९५ टक्के लागतं.

आता आपल्याकडचे. ‘इंडिया ऑरगॅनिक’ हा वाणिज्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचा, २००१ पासूनचा; काम अपेडा हे शेतमाल निर्यातीचं सरकारी प्राधिकरण बघतं. ‘पीजीएस-इंडिया’ कृषी मंत्रालयाचा, त्यात शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेतं तपासतात. ‘जैविक भारत’ हे चिन्ह अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, खाण्याच्या पदार्थांसाठी. लिपस्टिकवर ‘जैविक भारत’ दिसलं तर ते चुकीच्या घरी आलेलं पत्र आहे.

हिरवा ठिपका म्हणजे घटक शाकाहारी, बाकी काही नाही. उडी मारणारा ससा म्हणजे प्राण्यांवर चाचणी नाही. तशी चाचणी आणि तसा आयात माल दोन्हींवर भारतात २०१४ पासून बंदीच आहे. भौगोलिक मानांकन म्हणजे वस्तू अमुक मुलखातली. आपल्या कोकमाला, हापूसला ते आहे याचा अभिमान बाळगा, पण फवारणीशी त्याचा संबंध नाही. ‘डरमॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’बद्दल लिहायला माझ्याकडे काही नाही, कोणी, कशावर, किती जणांवर ते डब्यावर सहसा नसतंच. आणि नुसतं गोल चक्रात पान, आजूबाजूला ‘१००% प्युअर अँड ऑरगॅनिक’, संस्थेचं नाव नाही: तो आमच्या प्रिंटिंगवाल्याचा साचा.

कागद मागायचा तो असा

कॉसमॉसचा शिक्का दिसला की त्यांच्या संकेतस्थळावर ब्रँडचं नाव घालून शोधा. दुकानातल्या दुकानात मोबाइलवर होतं. त्यात तुमची वस्तू आहे का बघा, कंपनी नव्हे. पन्नास वस्तू विकणाऱ्या ब्रँडच्या दोनच प्रमाणित असतात आणि शिक्का मात्र दुकानाच्या पाटीवर झळकतो, असं सर्रास चालतं.

विकणारा लहान असेल, थेट बोलता येत असेल, तर विचारा: “प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं? कोणत्या वस्तूचं? कधीपर्यंतचं?” बरेचजण आनंदाने फोटो पाठवतात. त्यात तीन गोष्टी वाचा. एक, वरचं नाव आणि बाटलीवरचं नाव जुळतं का. दोन, मुदत संपली का. तीन, सगळ्यात महत्त्वाचं, खाली यादीत काय आहे. मला एकदा अगदी खरं, चालू मुदतीचं प्रमाणपत्र आलं होतं. यादीत होतं: नारळ, सुपारी, काळी मिरी. विकत होते शाम्पू. बागेचा कागद बागेचा, शाम्पूचा नव्हे. बागवाल्याने फसवलं नव्हतं, कागद फक्त एक पायरी आधी संपला होता. अशा वेळी ‘सेंद्रिय बागेतल्या खोबरेलाचा शाम्पू’ म्हणणं रास्त, ‘ऑरगॅनिक शाम्पू’ म्हणणं नाही.

खोबरेल कुठल्या फडताळावरचं?

केसांना, अंगाला खोबरेलच लावायचं असेल, आणि आपल्याकडे निम्मं सौंदर्य तिथेच आटोपतं, तर एक सरळ वाट आहे. ‘हेअर ऑइल’ म्हणून विकलं जाणारं तेल सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. खाद्यतेल म्हणून विकलं जाणारं शुद्ध खोबरेल अन्नाच्या कायद्यात. करासाठी ते कुठे मोजायचं यावर कंपन्या आणि कर खातं वर्षानुवर्षं भांडत होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेलही, केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल तर, खाद्यतेलच ठरवलं. आपल्याला यातून घ्यायचं ते एवढंच: खाद्य खोबरेलाच्या बाटलीवर अन्न सुरक्षा परवान्याचा क्रमांक असतो आणि ऑरगॅनिक असेल तर ‘जैविक भारत’ किंवा ‘इंडिया ऑरगॅनिक’ शोधता येतं. तिथे नियम पक्का आहे. तेव्हा प्रमाणित खोबरेल हवं तर वाण्याच्या फडताळावर बघा, सौंदर्याच्या नको. शिवाय बरेचदा स्वस्तही पडतं.

भेसळीचा संशय असेल तर पारदर्शक ग्लासात थोडं तेल घेऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. खोबरेल गोठतं, दुसरं तेल मिसळलेलं असेल तर ते वेगळ्या थरात पातळ राहतं. पौषातल्या एखाद्या गार पहाटे आमच्याकडे न्हाणीघरातली बाटली आपोआप ही परीक्षा देते. पण यातून शुद्धता कळते, सेंद्रिय शेती नाही.

काळी मेंदी, गोरं करणारी क्रीम

दोन ठिकाणी ‘हर्बल’ शब्दाला अजिबात भुलू नका. मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबूस. एका लेपात अर्ध्या तासात केस काळे करणारी ‘हर्बल मेंदी’ असेल तर यादीत पॅराफिनिलीनडायअमाइन शोधा. हे हेअर डायमधलं रसायन, अ‍ॅलर्जी झाली तर डोळे सुजून बंद होतात. पानांनीच काळे करायचे तर मेंदीवर नीळीच्या पानांचा दुसरा लेप, दोन-तीन तासांचं काम.

आणि आठवड्यात गोरं करणारी बिननावाची क्रीम जडीबुटीची म्हणून कोणी दिली तर घेऊ नका. पारा असू शकतो. केरळात मलप्पुरमला २०२३ मध्ये डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या आजाराचा धागा अशाच क्रीमपर्यंत नेला होता.

आपल्या हवेत टिकेल का?

ऑरगॅनिक म्हणजे टिकाऊपणाचा घटक अजिबात नाही, असं नसतं. कॉसमॉसमध्येही सॉर्बिक आम्ल, बेंझॉइक आम्ल, बेंझाइल अल्कोहोल अशांना परवानगी आहे, आणि ती असायलाच हवी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे चामड्याच्या चपलेला बुरशी येते, मग पाणी असलेल्या जेलला का येणार नाही? ‘प्रिझर्व्हेटिव्ह-फ्री कोरफड जेल’ बाहेर ठेवून सहा महिने टिकतं असं कोणी म्हणत असेल तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. तेल, बाम, कोरडं उटणं यांत पाणी नसल्याने ती अडचण नाही. बाकी लोणच्याच्या बरणीचा नियम: ओला हात नाही, कोरडा चमचा, झाकण घट्ट. लहान बाटली घ्या. नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा, मग चेहऱ्यावर.

फसवणूक वाटली तर

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हरित दाव्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘नॅचरल’, ‘ऑरगॅनिक’, ‘प्युअर’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. डब्याच्या पुढच्या-मागच्या बाजूचा फोटो आणि बिल ठेवा; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. परवाना क्रमांकच नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे. जत्रेत विकायला बसलेल्या बाईला मात्र आधी शांतपणे सांगून बघा, बहुतेक वेळा तिला ठाऊकच नसतं.

आमच्या गटाने साबण सोडला. आता घाण्याचं खोबरेल काढतो, अन्न नोंदणी करून. नारळ गावातल्याच परसांतले. खताला शेण आणि राख, पण प्रमाणपत्र कोणाकडे नाही. गेल्या दसऱ्याआधी लेबलं संपली म्हणून त्याच प्रिंटिंगवाल्याकडे गेले. तो संगणकावरून मान वर न करता म्हणाला, “ऑरगॅनिक ठेवतंय हा, वयनी.”

“काढ तां,” म्हटलं. “नुसता घाण्याचा खोबरेल लिव. आणि तारीख मोठी कर, म्हाताऱ्यांका दिसाक व्हयी.”